जातं, गिरणी आणि मोबाईलचा टॉवर

चिखलदऱ्याच्या डोंगरातून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. मागच्या वेळी पापडाच्या मसाल्याचं सांगितलं होतं. आज मोबाईलच्या टॉवरचं सांगणार आहोत. हसू नका. हे शिकायची पाळी आमच्यावर का आली, ते आधी ऐका.

गेल्या श्रावणात आमच्या गावातल्या एका सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लावायचा, तर एकाही मोबाईलवर रेंज नाही. समोरच्या टेकडीवर टॉवर उभा होता आणि त्याचा लाल दिवाही लागलेला होता. शेवटी आशाताई आणि आमच्यातल्या दोघी बॅटरी घेऊन भर पावसात निघाल्या. घाटातल्या एका वळणावर दुसऱ्या टॉवरची रेंज मिळते, तिथं पोचायला सव्वा तास लागला. गाडी आली, बाळंतपण गाडीतच झालं. मायलेकरं सुखरूप आहेत. पण तो सव्वा तास आमच्या मनातून जात नाही.

दोन दिवसांनी दुरुस्तीला माणूस आला. त्याला चहा दिला आणि विचारलं, "लाईट चालू, टॉवर चालू, मंग काहून गेलं नेटवर्क, भाऊ?" तो म्हणाला, "मावशी, टॉवर म्हणजे नुसते कान अन् तोंड. खाली रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, आता टॉवर बोलणार कोणाशी?" आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, आपला आवाज या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत जातो.

मग गटातल्या एकीचा पोरगा अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, त्याला दिवाळीच्या सुटीत बसवून घेतलं. त्यानं सांगितलं ते असं.

मोबाईलमधून रेडिओच्या लाटा निघतात. तुम्ही आता जो कार्यक्रम ऐकताय, त्याच जातीच्या. आपल्या एफएम केंद्राची लाट साधारण ३ मीटर लांब असते. मोबाईलच्या लाटा आखूड, काही हातभर तर काही चार बोटं. लाट जितकी आखूड, तितकी झाडं आणि डोंगर तिला जास्त अडवतात. म्हणून शहरात फाईव्ह-जी धावतं, ते आपल्या सागाच्या जंगलात लवकर दमतं. तर मोबाईलची लाट टॉवरपर्यंत जाते आणि हवेतला प्रवास बहुतेक तिथंच संपतो. पुढं काही टॉवरवरून ढोलासारख्या गोल तबकडीतून समोरच्या तबकडीकडे निरोप जातो. या तबकड्यांना मध्ये डोंगर चालत नाही, आणि जोराचा पाऊस आला की त्यांचा निरोप क्षीण होतो. आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. दुसरी वाट जमिनीखालची. तिथं असतो काचेचा धागा, फायबर म्हणतात तो. केसाएवढा बारीक. त्यातून उजेड सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. वाकवलेल्या काचेच्या धाग्यांतून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं ते पंजाबातल्या मोग्याच्या नरिंदर सिंग कपानी यांनी, १९५४ साली, लंडनमध्ये. आपल्या देशाचा माणूस, पण आम्ही त्यांचं नावही ऐकलं नव्हतं.

आता गिरणीची गोष्ट. आपल्या आज्या पहाटे उठून जात्यावर दळायच्या. घरोघरी जातं होतं. मग गावात गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली. टॉवरचंही तसंच आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक टॉवरखाली एक खोली असते. लाटेतून आवाज वेगळा काढायचा, कोणाला किती वेळ बोलू द्यायचं हे ठरवायचं, ते सगळं 'डोकं' त्या खोलीत. शिवाय त्याला थंड ठेवायचं यंत्र, बॅटऱ्या, लाईट गेली की डिझेलचा जनरेटर. जंगलात डिझेल पोचवणं किती महाग पडतं, विचार करा. २०१० च्या सुमारास चीनच्या एका मोठ्या मोबाईल कंपनीनं मांडलं की ही डोकी टॉवरखालून काढून एका जागी आणू. टॉवरवर फक्त कान आणि तोंड ठेवू, मधे काचेचा धागा टाकू. जपान-कोरियातल्या दाट वस्तीच्या शहरांत हे वापरात आलं. भुयारी मेट्रोत आणि मोठ्या विमानतळांवर याचीच चुलत बहीण असते. तिथं रेडिओची लाटच जशीच्या तशी उजेडावर बसवून धाग्यातून आत नेतात आणि छताला लावलेल्या लहानशा अँटेनातून सोडतात. आपल्या दऱ्या तरी भुयाराहून काय वेगळ्या? चार लहान खांब दरीत उभे करायचे, सौर पाट्या लावायच्या, डोकं चिखलदऱ्यात ठेवायचं. सौर पाट्या लागतातच हं, कारण काचेच्या धाग्यातून उजेड येतो, खांबाला पुरेल एवढी वीज येत नाही.

चिखलदऱ्यातच का, अमरावतीत का नाही? आम्हीही हेच विचारलं. मोबाईलनं पाठवलेलं नीट पोचलं की नाही, याचं उत्तर डोक्यानं सेकंदाच्या काही हजाराव्या भागात द्यायचं असतं. उजेडाला एक किलोमीटर जायला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी ५ भाग लागतात. हिशेब करत गेलं की कान आणि डोकं यांच्यात साधारण २० किलोमीटरच धागा चालतो. परतवाड्याहून आपला घाटच तेवढ्याहून मोठा. म्हणजे ही गिरणी घालायची तर इथंच, डोंगरावर घालावी लागेल. मोथा, आमझरी तिच्या टापूत येतील. सेमाडोहचं मोजून पाहावं लागेल.

आणखी एक अडचण निघाली. लाट न निवडता आख्खी पाठवली की ओझं फार होतं. फोर-जीच्या एका नेहमीच्या टॉवरवर माणसांचं काम सेकंदाला फार तर १५० मेगाबिटचं असतं. तीच कच्ची लाट आकड्यांत पाठवायची तर धाग्यातून सुमारे २,५०० मेगाबिट न्यावे लागतात. सोळापट! एकीनं लगेच म्हटलं, "अव, आपण तरी गिरणीत खडे-कचऱ्यासकट गहू नेतो का?" पोरगा चकितच झाला. कारण नव्या पद्धतीत नेमकं तेच करतात. निवडणं-पाखडणं खांबावर, दळण गिरणीत. आता किती काम खांबावर आणि किती मध्यभागी, यावरच जगभरच्या इंजिनिअरांची चर्चा चालते.

पण गिरणीचा दोषही आपल्याला ठाऊक आहे. जातं घरात असताना लाईट गेली म्हणून कोणी उपाशी राहिलं नाही. गिरणी बंद पडली की गाव थांबतं. सगळी डोकी एका जागी आणि तिथून निघालेला धागा एकच, तर एका जेसीबीनं दहा गावं मुकी होतील. आमचं तर एकच गाव मुकं झालं होतं, तरी ती रात्र तशी गेली. म्हणून आमचं मत असं झालं की टॉवर मागताना दुसरी वाटही मागायला हवी. धागा माळेसारखा गोल फिरवून आणला तर एकीकडे तुटला तरी दुसरीकडून निरोप जातो.

हे काही आमच्या मनचं नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची भारतनेट योजना २०११ साली दुसऱ्या नावानं मंजूर झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिची जी सुधारलेली योजना मंजूर झाली, तिच्यात ग्रामपंचायती अशा गोल वाटेनं जोडायच्या असं ठरलं आहे. आपल्याकडे व्याघ्र प्रकल्प आहे, केबल पुरायला वनखात्याची परवानगी लागते, वेळ जातो. वाघ राहिला पाहिजे, हे आम्हालाही मान्य आहे. पण आधीच असलेल्या रस्त्याच्या कडेनं धागा नेता येतो, हेही तितकंच खरं.

खोदणाऱ्यांसाठी सरकारनं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. खोदण्याआधी त्यावर कळवायचं, म्हणजे खाली केबल असलेल्याला निरोप जातो. आमच्या गावात रस्ता खोदला तेव्हा हे केलं होतं का, ते आम्ही लेखी विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

तोवर आम्ही एक काम केलं. दुरुस्तीवाल्या भावाला सोबत घेऊन केबल कुठून कुठं जाते ते पायी फिरून पाहिलं, पंचायतीतल्या भारतनेटच्या पेटीपासून थेट घाटापर्यंत. रस्त्याच्या कडेला खुणेचे दगड होते, पण गवतात बुडालेले. नऊ सापडले. गवत कापलं, दगडांना चुना लावला. दोन दगड अजून मिळालेले नाहीत. पुलाजवळ जे गुरं चारायला जातात, त्यांना दिसले तर आशाताईंना सांगा. आणि येत्या ग्रामसभेत दुसऱ्या वाटेचा ठराव मांडायचा आहे, त्या दिवशी कामाला थोडी उशिरा गेलात तरी चालेल, पण या.