सुकाणू कोणाच्या हाती?

(के. आर. पुरम येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)

साथींनो,

लोको शेडच्या या गावात ग्रीक तत्त्वज्ञांचे नाव काढले की मागच्या रांगेत हशा पिकतो. पिकू द्या. आम्ही मॅट्रिक शिकलेली माणसे, ग्रीक भाषा आम्हाला येत नाही. पण सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अथेन्समध्ये जो वाद झाला, तो आपल्याच वर्गाचा होता. हाताने काम करणाऱ्याने कारभारात तोंड उघडावे की नाही, हा तो वाद.

अथेन्सची ताकद तिच्या आरमारात होती. इ. स. पूर्व ४८० मध्ये सलामिसला इराणी आरमार हरले, ते वल्हेकऱ्यांच्या जोरावर. हे वल्हेकरी बहुतांशी गरीब. पुढे कारभारात त्यांचे वजन वाढले. लोकसभेत त्यांना मत होते. पाचशे जणांचे मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडले जाई. न्यायदानाला बसणाऱ्यांसाठी पेरिक्लीसने भत्ता सुरू केला, म्हणजे रोजगार बुडाला तरी गरिबाला तिथे बसता यावे. मात्र स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक यांना मत नव्हते. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

प्लेटोला हा कारभार पसंत नव्हता. इ. स. पूर्व ३९९ मध्ये अशाच लोकन्यायालयाने त्याच्या गुरूला, सॉक्रेटिसला, मृत्युदंड दिला होता. 'रिपब्लिक' या ग्रंथात त्याने समाजाचे तीन भाग केले: ज्ञानी राज्यकर्ते, लढणारे, आणि शेती-कारागिरी करणारे. ज्याने त्याने आपलेच काम करावे, हाच त्याच्या मते न्याय. दाखला जहाजाचा: खलाशी सुकाणूसाठी भांडू लागले तर जहाज बुडेल.

हा दाखला सहज उडवून लावण्यासारखा नाही. सिग्नल लाल की हिरवा, हे आपण हात वर करून ठरवत नाही. इंजिनाचा ब्रेक बहुमताने पास होत नाही. तिथे जाणकाराचेच ऐकावे लागते. पण ड्युटी किती तासांची, विश्रांती किती, अपघात झाला तर दोष कोणाच्या माथी, हे काही सिग्नलचे प्रश्न नाहीत. जहाज कसे हाकावे हे सुकाणूवाला जाणतो. ते कुठे न्यायचे आणि वल्हेकऱ्याला भाकरी किती द्यायची, हे त्याने एकट्याने ठरवायचे नाही. प्लेटोचाच शिष्य ॲरिस्टॉटल सांगून गेला की जेवणाची पारख आचाऱ्यापेक्षा जेवणारा चांगली करतो. पण त्यानेच काही माणसे स्वभावतः गुलाम असतात असेही लिहिले, आणि आदर्श राज्यात कारागिराला नागरिकत्व नाकारले.

आधुनिक काळात प्लेटोवर कार्ल पॉपरने १९४५ मध्ये कठोर टीका केली, ती जगभर गाजली. त्याच्या नऊ वर्षे आधी, १९३६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरसाठी एक भाषण लिहिले. मंडळाने ते होऊ दिले नाही, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. त्यात चातुर्वर्ण्य आणि प्लेटोची रचना यांचे जवळचे नाते त्यांनी दाखवले. माणसांत नाना तऱ्हेचे गुण असतात, त्यांना तीन-चार कप्प्यांत कोंबता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. जात ही नुसती कामे वाटत नाही, ती कामगारांनाच एकमेकांपासून तोडते, हा दुसरा.

हे त्यांनी रेल्वे कामगारांपुढेही मांडले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे ते तिथे म्हणाले. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही स्पष्ट केले. दाखला रेल्वेचाच: अस्पृश्य कामगार गँगमनच राही, पोर्टर क्वचितच होई, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचीही कामे करावी लागत.

आता आपल्याकडे वळू. गाड्या धुणारा कंत्राटी कामगार आपल्या सभेत कुठे बसतो? टपालातला ग्रामीण डाक सेवक आजही नियमित कर्मचारी मानला जात नाही. त्याचे म्हणणे शाखेच्या मागणीपत्रकात कितव्या पानावर येते? काही साथी म्हणतात, ते आपले सभासद नाहीत, त्यांना बोलावले तर आपल्या मागण्या पातळ होतील. शंका खोटी नाही. सभा लांबेल, मागणीपत्रकात त्यांनाही जागा द्यावी लागेल. पण अथेन्सच्या वल्हेकऱ्याने स्वतः मत मिळवले आणि शेजारच्या गुलामाला बाहेरच ठेवले. आपणही तसेच केले, तर प्लेटोला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. शिवाय आज जे काम कंत्राटात गेले, त्याच्या शेजारचे काम उद्या जाते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पुढच्या मासिक सभेला या दोघांना बोलवा. त्यांना पहिल्यांदा बोलू द्या, पदाधिकाऱ्यांनी नंतर बोलावे. मागण्या त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्यावर ठराव करा. सूचना मान्य नसेल तर आत्ताच उठून बोला. सभा त्यासाठीच आहे.

कामगार एकजूट जिंदाबाद!