ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल

इंजिन ऑइल आपण इंजिन बंद करून, गाडी थंड असताना पाहतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाची रीत बहुतेक गाड्यांत याच्या उलट असते. हे तेल तापलं की फुगतं, म्हणून पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून ती सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक गिअरमधून फिरवा आणि पार्कमध्ये आणा. इंजिन चालूच ठेवा, कारण ते बंद केलं की आतलं तेल खाली उतरतं आणि पातळी जास्त दिसते. होंडाच्या अनेक गाड्यांत मात्र इंजिन बंद केल्यावर लगेच, ६० ते ९० सेकंदांत तपासायचं असतं. तेव्हा मॅन्युअल आधी वाचा.

डिपस्टिक धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग बाहेर काढून ‘हॉट’च्या खुणा पाहा. तेलाचा रंग आणि वासही बघाच. माझ्या मते ते पातळीइतकेच बोलके असतात. नवं तेल बहुधा लाल असतं. काळपट, करपट वासाचं तेल म्हणजे आतल्या क्लच प्लेट जळत असाव्यात. दुधाळ गुलाबी दिसलं, तर पाणी शिरलंय. गाडी चालवू नका.

तेल कमी असेल तर थोडं थोडंच घाला. जास्त झालं तर फेस होतो आणि गिअर घसरतात.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे गाडी लिफ्टवर घेऊन, तेलाचं तापमान मोजून, खालच्या बोल्टमधून पातळी पाहतात. ते काम मेकॅनिककडेच द्या.