डोळे मिटल्यावर दिसणारे घर



अष्टविनायकांची नावे क्रमाने सांगायला घेतली, की आपण चार-पाच नावांनंतर अडखळतो. पण गावच्या घरात शिरल्यावर काय काय लागते, ते कोणीही सांगेल. अंगण, ओसरी, माजघर, देवघर, परसदार. हे आपण कधी पाठ केले नाही, तरी ते डोळ्यांसमोर उभे राहते.

मग नावे याच घरात बसवू या. अंगणात मोर नाचतोय, ते मोरगाव. ओसरीवर उजव्या सोंडेचा गणपती, तो सिद्धटेकचा. माजघराच्या भिंतीवर पाल, म्हणजे पाली. उरलेले पाच आपापल्या घरात बसवून पाहा. चित्र जितके गमतीचे, तितके पक्के. प्राचीन रोमन वक्ते लांबलचक भाषणे याच युक्तीने लक्षात ठेवत.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ॲलन पैव्हिओ यांनी १९७१ च्या ग्रंथात मांडले, की शब्द आणि चित्र मनात दोन वाटांनी साठतात. एक वाट बुजली तरी दुसरी उरते. आम्हा सरकारी नोकरांचा हा रोजचा अनुभव. फायलीचा क्रमांक आठवत नाही, पण ती कुठल्या कपाटात, कुठल्या खणात आहे ते दिसते. आपल्या शेजारच्या वारली समाजात बायका लग्नाचा चौक भिंतीवर लिहितात, तोही पिढ्यान्‌पिढ्या मनातूनच.

मात्र स्पष्ट दिसले म्हणून ते खरेच असते असे नाही. आठवताना मन चित्र नव्याने रचते. काहींना तर मनात चित्र दिसतच नाही. या स्थितीला ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ ॲडम झीमन यांनी २०१५ साली ‘अफँटेजिया’ हे नाव दिले. अशी माणसेही आपली कामे नीट लक्षात ठेवतात, त्यांना कमी लेखू नये.

आपण इथे गलोंड्यात, सिल्वासात स्थिरावलो. गावाकडची कित्येक घरे पडली, विकली गेली, वाटण्यांत गेली. ती आता फक्त आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उभी आहेत. म्हणून या दहा दिवसांत आजी-आजोबांना नुसते “आठवतं का?” असे विचारू नका. “दारातून आत गेलं की डाव्या हाताला काय होतं?” असे विचारा. एक खोली उघडली, की तिथली माणसेही बोलू लागतील. दोघांचे सांगणे जुळवून पाहा आणि मुलांकडून घराचा नकाशा काढून घ्या. अनंत चतुर्दशीपर्यंत घरटी एक नकाशा मंडपात लागावा, एवढीच आमची विनंती.

गणपती बाप्पा मोरया!