उजेड कुठून येतो?

मी भाषणवाला माणूस नाही. लग्नाचे, बारशाचे, मोर्चाचे फोटो काढून पोट भरलं. मंडळाच्या पोरांनी सांगितलं, डिसेंबर आहे, गेलेल्या कुणावर तरी बोला. मी म्हटलं, सुब्रत मित्रावर बोलतो. सिनेमाचा कॅमेरामन. 2001 च्या डिसेंबरात कलकत्त्यात वारला. तर एक पोरगा पटकन म्हणाला, 'काका, हा आपला कोण?'

प्रश्न बरोबर आहे. आज मी त्याचंच उत्तर देणार आहे. पटलं तर घ्या, नाही तर भांडा.

आधी माझी गोष्ट. सातवीत असताना शाळेत ग्रुप फोटो काढला. मधे मास्तर, शेजारी गोरी-गोमटी पोरं, आणि आम्ही कडेला. फोटो आला तेव्हा माझ्या जागी एक काळा डाग. दात तेवढे दिसत होते. फोटोवाला हसून म्हणाला, 'ह्याचा चेहराच येत नाही.' सगळा वर्ग हसला. मीपण हसलो. घरी जाऊन आरशात बघितलं, चेहरा तर होता! मग फोटोत का आला नाही? पुढे कॅमेरा हातात आला तेव्हा कळलं. त्याने उजेडाचं माप मधल्या गोऱ्या चेहऱ्यांवरून घेतलं होतं. खोट माझ्या चेहऱ्यात नव्हती, त्याच्या मापात होती. हे समजायला मला पंधरा वर्षं लागली. तोवर मी फोटोत मान खाली घालूनच उभा राहायचो.

आता सुब्रत मित्रा. जन्म 1930. फ्रान्सचा ज्याँ रन्वार 'द रिव्हर' काढायला बंगालात आला, तेव्हा ह्या पोराने तिथे काम मागितलं. काम मिळालं नाही, फक्त बघायची परवानगी मिळाली. हा नुसता बघत बसला नाही. कुठला दिवा कुठे लावला, उजेड कुठून आला, माणसं कुठे उभी राहिली, सगळं वहीत रेखाटत गेला. त्या वह्या इतक्या चोख होत्या की कॅमेरामन क्लोद रन्वारने एकदा आदल्या प्रकाशयोजनेशी जुळवून घ्यायला त्याचीच वही मागितली. ध्यानात घ्या, ज्याला कामावर घेतलं नाही त्याची वही.

मग 1952 साली सत्यजित राय 'पथेर पांचाली' करायला निघाले. कॅमेरामन कोण? हाच, जेमतेम एकविशी-बाविशीचा. त्याआधी सिनेमाचा कॅमेरा त्याने चालवलेला नव्हता. पैसे संपले की शूटिंग बंद, मिळाले की सुरू. असं करत 1955 साली सिनेमा आला आणि जगाने बघितला. त्यात एका ठिकाणी सतारसुद्धा ह्यानेच वाजवलीय.

पण खरी गोष्ट पुढची. 1956 चा 'अपराजितो'. बनारसमधलं हरिहरचं घर. तसल्या जुन्या घरात मधे चौक असतो, चारी बाजूंना भिंती. ऊन थेट आत येत नाही. वरच्या आभाळाच्या तुकड्यातून मऊ, बिनसावलीचा उजेड खाली झिरपतो. मित्रा म्हणाला, हा सेट उघड्यावर बांधा. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्तांना पावसाची भीती, त्यांनी स्टुडिओत बांधला. स्टुडिओत दिवा लावला की भिंतीवर सावली पडणार, दोन दिवे लावले की दोन सावल्या. आभाळाखाली माणसाला दोन सावल्या असतात काय? त्या काळच्या सिनेमात असायच्या. झोपडीतल्या बाईच्या डोक्यामागे चकाकती कडा असायची, घरात मात्र एकच कंदील!

मित्राने काय केलं? सेटच्या वर चौकटीत पांढरं कापड ताणून बांधलं. स्टुडिओचे दिवे खालून त्या कापडावर मारले. उजेड कापडावर आपटून खाली आला, आभाळातून आल्यासारखा. ह्याला बाउन्स लायटिंग म्हणतात. पुढे युरोपातल्या बड्या नावांनी हेच केलं आणि त्यांचा गवगवा झाला. इथे मात्र एका कापडावर काम भागलं होतं.

मित्राचा प्रश्न साधा होता. ह्या खोलीत उजेड कुठून येतो? खिडकी कुठे आहे? नसलेल्या खिडकीतून मी उजेड आणणार नाही. दोस्तहो, हा प्रश्न सिनेमापुरता आहे असं मला वाटत नाही.

आता भांडण. हरिहर कोण? भिक्षुकी करणारा ब्राह्मण. त्याची गरिबी खरी, दुर्गाचं मरण खरं, मीपण रडलो. पण त्या गावाच्या कडेला कोण राहत होतं, कोण मेलेली ढोरं ओढत होतं, ते त्या चौकटीत येत नाही. हे मी लपवणार नाही. कॅमेरामनच्या हातात उजेड असतो. चौकटीत कोण उभं राहणार हे बहुतेक वेळा दुसराच ठरवतो. राय पुढे 1981 मध्ये 'सद्गती'पर्यंत आले. दुखी चांभाराचं मरण दाखवलं. त्याचा कॅमेरा सौमेंदू रॉयचा, आणि रॉय शिकला मित्राच्या हाताखाली.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची. 'तीसरी कसम', 1966. रेणूंची कथा, हिरामण गाडीवान आणि नौटंकीची हिराबाई. निर्माता कोण? शैलेंद्र. दलित घरातला पोरगा, माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये राबलेला, मग गीतकार. त्याने स्वतःजवळचं सगळं ह्या एका सिनेमात घातलं. आणि कॅमेरा दिला कुणाकडे? मुंबईत चकचकाट करणारे पुष्कळ होते. त्याने मित्राला आणलं. कारण त्याला बैलगाडीचा रस्ता रस्त्यासारखाच दिसायला हवा होता, आणि गाडीवान गाडीवानासारखा. सिनेमा पडला, कर्ज वाढलं, 14 डिसेंबर 1966 ला शैलेंद्र गेला. राष्ट्रीय पुरस्कार नंतर आला. आज तो सिनेमा बघा. गाडीत झिरपणारा उजेड बघा. तो आणण्यासाठी एका कामगार कवीने किंमत मोजलीय. तेव्हा 'हा आपला कोण' ह्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

मित्राचं स्वतःचं काय झालं? 'चारुलता'च्या वेळेपासून राय स्वतः कॅमेरा चालवायला लागले, 1966 च्या 'नायक'नंतर दोघांनी एकत्र काम केलं नाही. मित्रा वेळ घ्यायचा, उजेड मनासारखा झाल्याशिवाय हलायचा नाही. असल्या माणसाला धंदा पोसत नाही. पुढे 'न्यू डेल्ही टाइम्स'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण सिनेमे थोडेच. शेवटच्या वर्षांत कलकत्त्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेत पोरांना शिकवलं.

उरलेलं अर्धं उत्तर देतो. कोडॅक कंपनी लॅबवाल्यांना रंग जुळवायला एक नमुना फोटो पाठवायची. त्यात गोरी बाई. त्या कार्डाचं नावच 'शर्ली'. जगभर वर्षानुवर्षं चेहऱ्याचा रंग त्या बाईवरून ठरला. गडद रंग नीट यायला लागले ते कशामुळे? चॉकलेटवाले आणि लाकडी फर्निचरवाले ओरडले म्हणून! त्यांच्या मालाच्या छटा येत नव्हत्या. काळ्या माणसांच्या चेहऱ्याची तक्रार कुणी ऐकली नाही, कपाटाची ऐकली. आज तुमच्या फोनमध्ये बटण दाबलं की चेहरा आपोआप उजळतो. तुमच्या खिशात शर्ली बसलीय, एवढंच.

माझी आई बांधकामावर पाट्या वाहायची. तिचा नीट एकही फोटो नव्हता. आमच्या गल्लीत दुपारी अर्धा तास ऊन यायचं, तेही समोरच्या भिंतीवर. मित्राचं कापड मला आठवलं. समोर दोरी बांधून पांढरी चादर लटकवली. ऊन चादरीवर पडलं आणि त्याचा उजेड आमच्या दारात आला. आईला उंबऱ्यावर बसवलं. माप तिच्याच गालावरून घेतलं. ती म्हणाली, 'पावडर लावू का रं?' मी म्हटलं, नको. फोटो आला. कपाळावरचं गोंदण, उन्हाने करपलेली कातडी, डोळ्यातलं पाणी, सगळं आलं. ती किती तरी वेळ बघत राहिली. म्हणाली, 'मी अशी दिसते व्हय?'

आज ती नाही. भिंतीवर तोच फोटो आहे.

म्हणून तुम्हा पोरांना सांगतो. आपल्या माणसांचे फोटो वर्तमानपत्रात येतात ते बहुतेक मेल्यावर, मारल्यावर, जाळल्यावर. पुरावा म्हणून ते पाहिजेतच. पण जिवंतपणी कोण काढणार? फोन प्रत्येकाच्या हातात आहे. त्यातलं ते उजळायचं बटण बंद करा. खोलीत उजेड कुठून येतो ते आधी बघा. येत नसेल तर चादर बांधा. आणि माप समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून घ्या.

सुब्रत मित्राची आठवण म्हणजे माझ्यासाठी एवढंच. बसतो.