पापशंकेचा आजार

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या सभेंत देवळाचा इतिहास, घंटेची हकीकत, जुन्या पाद्रीबाबांच्या आठवणी अशा विषयांची श्रोत्यांस अपेक्षा असते. ते सांगावयास माझ्यापेक्षां वयानें वडील अशीं माणसें येथें बसलीं आहेत. माझा विषय देवळाच्या भिंतींचा नसून, त्या भिंतींच्या आंत येऊन बसतांना ज्यांच्या जिवाची घालमेल होते अशा माणसांचा आहे.

चिंता कोणास नाहीं? मुलाची परीक्षा, वाडींतील पीक, मुलीचें लग्न, बँकेचें कर्ज ह्यांची काळजी वाटणें हा मनुष्यस्वभावच होय. परंतु कारण सरलें तरी जी सरत नाहीं, जी झोप उडविते, छातींत धडधड उत्पन्न करते व माणसास कामधंद्यांतून उठविते, ती चिंता हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०१९ सालीं जगांत सुमारें ३० कोटी १० लाख माणसें चिंताविकारांनीं ग्रस्त होतीं. कोणास अकस्मात् भयाचा झटका येतो व आपण आतां मरतों असें वाटून तो रात्रींच इस्पितळ गांठतो, हृदयाचा आलेख निर्दोष निघतो, आणि घरचीं माणसें म्हणतात, "कांहीं झालेलें नाहीं, नुसतें ढोंग आहे." कोणी त्यास भगताकडे नेतात. ढोंगही नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. धोका नसतां शरीरांतील धोक्याची घंटा वाजूं लागते, इतकेंच.

ह्या विकारांचें एक भावंड आहे, त्यास आपले जुने लोक मंत्रचळ म्हणत. पुन्हां पुन्हां हात धुणें, कुलूप दहा वेळां ओढून पाहणें, हीं त्याचीं सर्वांस ठाऊक असलेलीं रूपें. अमेरिकन मनोवैद्यांनीं २०१३ सालीं त्यास चिंताविकारांच्या यादींतून काढून निराळा वर्ग दिला. तथापि भय हेंच त्याचें इंधन आहे, ह्याविषयीं वाद नाहीं. हा मंत्रचळ जेव्हां धर्माचें वस्त्र पांघरून येतो, तेव्हां तो ओळखूं येत नाहीं. लोक त्यास भक्ति समजतात. जुन्या धर्मपंडितांनीं त्यास 'स्क्रुपुलुस' असें नांव दिलें. ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ लहानसा अणकुचीदार खडा. वहाणेंत शिरलेला खडा दिसत नाहीं, पण पाऊल टाकूं देत नाहीं. मी त्यास पापशंका म्हणेन.

कुमसारांत ऐकलेला शब्द मला येथें उच्चारतां येत नाहीं, व मी तो उच्चारणारही नाहीं. जें सांगतों तें लोकांनीं ओटीवर, अंगणांत, आजाऱ्याच्या खाटेपाशीं उघडपणें बोलून दाखविलेलें आहे. रोजरीच्या त्रेपन्न 'नमो मरिया'. त्यांतील एकींत मन भटकलें म्हणून ती पुन्हां, पुन्हां म्हणतांना शब्द चुकला म्हणून तिसऱ्यांदा. अर्ध्या घटकेची प्रार्थना तीन तास चालते, चुलीवरचा भात करपतो, आणि उठतांना मनांत शांति नसतेच. कोणास ख्रिस्तप्रसादाचा कण लुगड्यावर पडला असावा असें वाटतें, म्हणून तें लुगडें पुन्हां नेसवत नाहीं. दांत घासतांना पाण्याचा थेंब घशांत गेला, आतां ख्रिस्तप्रसाद घ्यावा कीं नाहीं? पूर्वीं मध्यरात्रीपासून पाणीसुद्धां वर्ज्य होतें हें खरें. परंतु पाण्यानें उपवास मोडत नाहीं असें पवित्र सभेनें १९५३ सालींच ठरवून दिलें आहे. हें सांगितलें म्हणजे समाधान होईल असें आपणांस वाटतें. होत नाहीं; पुढच्या रविवारीं थेंबाच्या जागीं दुसरें कांहीं येतें.

सर्वांत मोठी यातना निराळीच आहे. उत्थापनाच्या क्षणीं एखाद्याच्या मनांत देवनिंदेचा किंवा अमंगळ असा विचार विजेसारखा चमकून जातो. तो विचार त्यास नको असतो, तो त्याला भितो. आणि जितका भितो तितका तो विचार परत येतो. पुढें तो माणूस मिस्सेस येणेंच सोडतो. शेजारी म्हणतात, ह्याची श्रद्धा गेली. परमेश्वर दुखावेल ह्या भयानें जो देवळाबाहेर उभा आहे, त्यास अश्रद्ध म्हणावें हा केवढा अन्याय!

ह्या आजारानें कोणास गांठलें हें पाहावें. संत इग्नेशियस लोयोला हा शूर शिपाईगडी. १५२१ सालीं पँप्लोनाच्या लढाईंत तोफेच्या गोळ्यानें त्याचा पाय मोडला, त्या आजारपणांत त्याचें मन पालटलें, व १५२२ च्या मार्चांत माँत्सेरातच्या मठांत त्यानें तीन दिवस लिहून काढून आयुष्यभराच्या पापांचें कुमसार केलें. ह्याहून पूर्ण कुमसार कोणतें असावें? तरी मान्रेसा गांवीं येतांच शंका सुरू झाली: कांहीं राहिलें तर नाहीं? पुन्हां कुमसार, पुन्हां तीच शंका. एका विद्वान् धर्मगुरूच्या सांगण्यावरून सर्व आठवून पुन्हां लिहून काढलें, व्यर्थ. त्याच्या कुमसार ऐकणाऱ्या धर्मगुरूनें आज्ञा केली कीं, अगदीं स्पष्ट असेल तेवढें सोडून मागचें कांहीं सांगूं नये. पण इग्नेशियसला सर्वच स्पष्ट वाटे! ह्या एका गोष्टींत सबंध आजाराचें लक्षण आहे. रोग्यास दिलेली सवलत रोगच वापरतो.

रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करणाऱ्या ह्या माणसास खोलींतील एका मोठ्या भोंकांतून स्वतःस लोटून द्यावें अशी प्रबळ ऊर्मि येऊं लागली. पुढें त्यानें आठवडाभर अन्नपाणी वर्ज्य केलें. धर्मगुरूनें आज्ञा करून तो उपवास मोडविला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशीं पापांची माळ पुन्हां सुरू झाली. अखेर मागील पापें ह्यापुढें कुमसारांत काढावयाचींच नाहींत असा त्यानें निश्चय केला, आणि तेथून त्याची सुटका झाली. लिझिएची संत तेरेजा १८८५ सालीं बारा वर्षांची असतांना एका आध्यात्मिक साधनेंत असल्याच शंकांनीं ग्रासली गेली व सुमारें दीड वर्ष त्यांत होती. नीतिशास्त्राचे आचार्य संत अल्फोन्स लिगोरी ह्यांनाही वार्धक्यांत ह्या यातनांनीं छळलें. ज्यांनीं हजारोंचीं मनें शांत केलीं त्यांना स्वतःचें मन आवरेना, ह्यावरून हा ज्ञानाचा किंवा पुण्याचा प्रश्न नव्हे हें दिसून येईल. इग्नेशियसनें पुढें आपल्या अध्यात्मसाधनेच्या ग्रंथांत अशा शंका कांहीं काळ आत्म्यास हितकर ठरतात असें लिहिलें आहे. 'कांहीं काळ' हे शब्द ध्यानांत ठेवावे. त्यांचा आधार घेऊन कोणा आजाऱ्यास वर्षानुवर्षें कुढत ठेवणें मला मान्य नाहीं.

आतां हा खडा टिकतो कसा तें पाहूं. गजकर्ण खाजविलें कीं क्षणभर बरें वाटतें, आणि तें पसरतें. येथेंही तसेंच आहे. शंका आली, भय वाटलें, भय शमविण्यासाठीं प्रार्थना पुन्हां म्हटली, किंवा धर्मगुरूस, बहिणीस, नवऱ्यास विचारलें, "हें पाप झालें का?" उत्तर मिळालें, "नाहीं." थोडा वेळ हायसें वाटलें. पण मन शिकलें तें हें कीं, विचारल्यावांचून सुटका नाहीं. म्हणून पुढची शंका अधिक जोरानें येते. दिवसांतून वीस वेळां "नाहीं ग, कांहीं पाप नाहीं" म्हणणारा प्रेमळ नवरा नकळत त्या गजकर्णास खाजवीतच असतो. त्यास दोष देऊं नये, पण थांबावयास सांगावें.

लंडनमधील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर ह्यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या उपचाराचा पाया हाच होता: ज्याचें भय वाटतें त्यास थोडें थोडें सामोरें जावें, आणि भय शमविणारी कृति मात्र करूं नये. भय आपोआप ओसरतें, हें शरीर व मन हळूहळू शिकतात. रोजरी एकदांच म्हणावी, चुकली तरी पुढें जावें. अस्वस्थता राहील, ती राहूं द्यावी. मान्रेसाच्या खोलींतील तो निश्चय ह्याच जातीचा नव्हता काय? मात्र जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं हें करणें निराळें आणि एकट्यानें सात दिवस उपाशी राहून करणें निराळें. औषधेंही आहेत, त्यांचा पूर्ण गुण येण्यास आठ ते बारा आठवडे लागूं शकतात, म्हणून पंधरा दिवसांत कंटाळून तीं सोडूं नयेत. त्यांची चटक लागते ही समजूत चुकीची आहे. तीं थांबवावयाचीं तेव्हां डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळू थांबवावीं.

धर्मगुरुबंधूंस एक विनंती. पूर्ण जाण व पूर्ण संमति ह्यांवांचून प्राणघातक पाप होत नाहीं, हें आपण सर्व सेमिनारींत शिकलों. नको असतां आलेल्या विचारास संमति कोठली? हें त्या माणसास एकदां नीट समजावून सांगावें, व पुनःपुन्हां विचारल्यास नव्यानें उत्तर देऊं नये. त्याच पापाचें कुमसार दुसऱ्यांदा ऐकूं नये. त्यानें एकाच धर्मगुरूकडे जावें, गांवोगांव फिरूं नये. आणि डॉक्टराकडे पाठविण्यांत आपला अधिकार कमी होतो असें मानूं नये. पाय मोडला असतां आपण नुसता आशीर्वाद देऊन परत पाठवितों काय? नरकाग्नीचें वर्णन करतांना बेफिकीर माणूस झोपीं जातो आणि हीच मंडळी रात्रभर जागी राहतात, हेंही ध्यानांत असावें.

जीव नकोसा झाल्याचें कोणी बोलला तर त्यास एकटें सोडूं नये. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथें पैसे पडत नाहींत. उपचार मिळणें हा हक्क असल्याचें २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें मान्य केलें आहे.

शेवटीं जाणाऱ्यासाठीं एक व्यवहाराची गोष्ट. डॉक्टरापुढें बसल्यावर पुष्कळजण 'झोप येत नाहीं' एवढेंच सांगून झोपेची गोळी घेऊन परततात. तसें करूं नये. जो विचार उच्चारण्याचीही लाज वाटते तोच सांगावा, शब्दांनीं सांगवत नसेल तर कागदावर लिहून पुढें करावा. डॉक्टर दचकणार नाहींत. असे कागद त्यांनीं पुष्कळ वाचलेले असतात.