मातेच्या ताणाचें मोजमाप

(जयंती महोत्सवानिमित्त भरलेल्या मातांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



जयंतीच्या या मंगल प्रसंगीं धर्मग्रामांतील मातांसमोर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हां विषय शोधीत बसावें लागलें नाहीं. आमच्या आयुष्याचीं तीस वर्षें बाळंतिणींच्या शुश्रूषेंत गेलीं. इतक्या काळांत किती जणींचें वजन, रक्तदाब आणि रक्तांतील लोह आम्हीं कागदावर टिपून ठेविलें, त्याची गणती नाहीं. परंतु "बाय, कशी आहेस?" या प्रश्नाला उत्तर बहुधा एकच मिळे: "बरी आहे." आणि आम्ही तेंच लिहीत असूं.

एकदां चार महिन्यांच्या मुलाला घेऊन एक माता आली. मुलाचें वजन महिनाभर वाढलें नव्हतें. दूध पुरेसें होतें, ताप नव्हता, मातेचे आंकडेही यथायोग्य होते. आम्हीं "प्रकृति ठीक" असें लिहून तिला परत धाडलें. पुढें तिच्या नणंदेकडून कळलें कीं, जहाजावरची नोकरी सुटून नवरा आठ महिने घरीं बसला होता, सासू अंथरुणाला खिळली होती, आणि ही बाई कित्येक महिन्यांत सलग तीन तास झोंपली नव्हती. आमच्या कागदावर या गोष्टींसाठीं रकानाच नव्हता. तेव्हांपासून एक प्रश्न आमच्या मनांत घर करून राहिला: वजन मोजतां येतें, रक्तदाब मोजतां येतो, मग हें ओझें मोजतां येईल काय?

प्रथम ताण म्हणजे काय तें पाहूं. १९३६ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें हान्स सेल्ये या संशोधकानें उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्यें असे नाना प्रकारचे त्रास देऊन पाहिले. त्रास निराळे, पण देहांतील फेरफार एकसारखे झाले: मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी फुगल्या आणि जठराला व्रण पडले. मनुष्याच्या देहांत याच ग्रंथी कॉर्टिसॉल नांवाचा रस रक्तांत सोडतात. हा रस आपला शत्रु नव्हे. सकाळीं जाग येतांना तो चढतो, मध्यरात्रीच्या सुमारास उतरतो. संकट आलें कीं वाढतो, संकट टळलें कीं ओसरतो. अडचण पडते ती संकट टळतच नाहीं तेव्हां. साधा ताप आणि जीर्णज्वर यांत जो भेद, तोच येथें समजावा.

आतां मोजण्याची गोष्ट. रक्त काढावें, तर सुईच्या भीतीनेंच रस वाढावयाचा. लाळ घेणें सोपें. कापसाचा बोळा मुखांत धरला कीं झालें. परंतु लाळ त्या घटकेचीच बातमी सांगते. शिवाय तान्ह्या मुलाच्या देहांत सकाळ-संध्याकाळचा हा क्रम जन्मतः बसलेला नसतो. तो पहिल्या कांहीं महिन्यांत बसतो. नुकत्याच प्यालेल्या दुधानेंही लाळेची परीक्षा बिघडते. महिनोन्‌महिने चाललेल्या ताणाला असलें क्षणिक माप काय कामाचें?

यावर सांपडलेला उपाय आपणां सर्वांच्या डोक्यावरच आहे. केस महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर वाढतो, आणि वाढतांना रक्तांतील कॉर्टिसॉलचा अंश त्यांत सांठत जातो. डोक्याच्या मागच्या बाजूस, शेंड्याच्या जवळ, त्वचेलगत कांहीं केस कापून त्यांचा पहिला तीन सेंटिमीटरांचा भाग घेतला, तर गेल्या तीन महिन्यांचा हिशेब हातीं येतो. ते केस धुऊन, वाळवून, अल्कोहोलांत भिजवून त्यांतील रस बाहेर काढतात आणि मोजतात. मोजण्याचें परिमाण इतकें सूक्ष्म कीं, एका ग्रॅमचे एक लक्ष कोटि भाग कल्पावे तेव्हां त्यांतला एक भाग हातीं येतो.

जर्मनींतील ड्रेस्डेन येथील क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं नुकत्याच प्रसूत झालेल्या मातांच्या केसांवर ही परीक्षा करून तिला मागें वळून पाहणारी दिनदर्शिका म्हटलें. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहींत मातेचा कॉर्टिसॉल निसर्गतःच वाढतो, आणि ती वाढ मुळालगतच्या केसांत स्पष्ट दिसली. मात्र टोंकाकडे जावें तसतशी नोंद पुसट होत जाते. सहा महिन्यांपलीकडे फारसा भरंवसा धरतां येत नाहीं, असेंही त्यांना आढळलें.

आणि बाळ? त्याच्या जन्माच्या वेळचे केस मातेच्या उदरांतच वाढलेले असतात. बाप्तिस्म्याच्या वेळीं ज्या जावळावर पाणी ओततात, त्यांत गर्भवासाच्या उत्तरार्धाची कांहींशी नोंद असते. परंतु ही नोंद वाचतांना जपलें पाहिजे. मातेच्या रसापासून गर्भाचें रक्षण करावयास वारेमध्यें एक द्रव्य असतें. तें मातेच्या कॉर्टिसॉलचा पुष्कळसा भाग निष्प्रभ करून मगच पलीकडे जाऊं देतें. पुढें तें जावळ झडतें, नवें येतें, आणि लहान मुलांच्या केसांतील प्रमाण आरंभीं मोठ्यांपेक्षां अधिक असून वयाबरोबर उतरतें. कित्येक अभ्यासांत माता आणि मूल यांचे आंकडे परस्परांशीं जुळलेले आढळले. तें एका रक्तामुळें, एका घरामुळें, कीं एकाच्या चिंतेचा दुसऱ्यास संसर्ग झाल्यामुळें, हें केस सांगत नाहीं.

संसर्ग होतो हें मात्र खरें. अमेरिकेंतील सान फ्रान्सिस्को येथें सारा वॉटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बारा ते चौदा महिन्यांच्या मुलांच्या मातांना परीक्षकांपुढें भाषण करावयास लाविलें. कांहीं परीक्षक मान डोलावीत, कांहीं कपाळाला आठ्या घालीत. मुलें त्या वेळीं तेथें नव्हतीं. नंतर मूल मांडीवर दिलें, तों थोड्याच मिनिटांत त्याच्या हृदयाची गति मातेच्या अवस्थेचें अनुकरण करूं लागली; ज्यांच्या मातांना आठ्या पाहाव्या लागल्या, तीं मुलें परक्या माणसापासून अधिक दूर सरलीं. हा प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. (आम्हांसही या क्षणीं पुष्कळ मुखें दिसत आहेत. कृपा करून आठ्या घालूं नका.)

या सर्व विद्येंत आम्हांस सर्वांत विचार करावयास लाविलें तें निराळ्याच गोष्टीनें. मातेला प्रश्न विचारून काढलेला ताणाचा अंक आणि तिच्या केसांतील अंक हे पुष्कळदां एकमेकांशीं जुळत नाहींत. जिच्या केसांत पुष्कळ, ती म्हणते "बरी आहे". जी रडून सांगते, तिच्या केसांत फारसें कांहीं नसतें. दीर्घकाळ भयंकर आघात सोसलेल्या कित्येकांत तर प्रमाण वाढण्याऐवजीं उतरलेलें सांपडतें. केस रंगविल्यानें, उन्हानें, कांहीं औषधी मलमांनींही आंकडा बदलतो. म्हणून संशोधनांत समुदायाविषयीं बोलावयास हें साधन चांगलें. पण एका मातेचे केस कापून तिच्या प्रकृतीवर निर्णय देणें आम्हांस मान्य नाहीं. आणि त्या आंकड्याचें बोट दाखवून "पाहा, तुझ्याच काळजीनें लेकरूं वाळलें" असें कोणी म्हणणार असेल, तर तो आंकडा न काढलेलाच बरा! माप मातेच्या देहांत सांपडतें. ओझें सर्व घराचें असतें.

हें आम्ही मनाचें सांगत नाहीं. गोव्यांत विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जिल्हा रुग्णालयांतील २७० गरोदर स्त्रियांची भेट घेऊन बाळंतपणानंतर त्यांचा पाठपुरावा केला. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत, सहा ते आठ आठवड्यांनीं शेंकडा २३ माता औदासीन्याच्या विकारानें ग्रस्त आढळल्या. औदासीन्य आणि ताण एकच नव्हेत, पण दोहोंचीं मुळें शेजारीं शेजारीं असतात. येथें तीं कोणतीं निघालीं? दारिद्र्य, आणि नवऱ्याशीं बिघडलेले संबंध, त्यांत मारहाणही आली. मुलगी जन्मल्यास हा धोका आणखी वाढे. पुढच्याच वर्षीं त्यांनीं दाखविलें कीं, अशा मातांचीं अर्भकें सहा महिन्यांचीं झालीं तेव्हां त्यांच्यांत वजन व उंची कमी असण्याचें प्रमाण अधिक होतें. हें वाचतांना तो वजन न वाढलेला मुलगा आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला.

प्रश्न विचारण्याचीही एक रीत असते. १९८७ सालीं स्कॉटलंडमध्यें दहा प्रश्नांची एक यादी सिद्ध झाली. एडिंबरो शहराच्या नांवानें ती ओळखली जाते. गेल्या सात दिवसांत हंसूं आलें काय, झोंप लागली काय, उगीच भीति वाटली काय, असे साधे प्रश्न. शेवटचा मात्र स्वतःस इजा करून घेण्याच्या विचारासंबंधीं. "कशी आहेस?" असें न विचारतां हें विचारलें, तर "बरी आहे" म्हणणें इतकें सोपें राहत नाहीं. पण यादी नवरा व सासू समोर असतांना भरावयाची नाहीं, आणि मिळालेला अंक म्हणजे रोगनिदान नव्हे. अंक अधिक आला तर डॉक्टरांकडे जावयाचें. शेवटच्या प्रश्नाला "होय" असें उत्तर आलें, तर त्याच दिवशीं.

आज आम्हीं त्या यादीच्या प्रती आणल्या आहेत. ज्या भगिनींस पाहावयाची असेल त्यांनीं सभा संपल्यावर शाळेच्या पहिल्या वर्गांत यावें. मुलांना सांभाळावयास तेथें दोघी जणी बसल्या आहेत. पंगतीचीं ताटें तोंवर पुरुषमंडळींनीं मांडावीं.