नमुना कुणी घेतला?



पशुवैद्यकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. या दोन दिवसांत इथं जनुकीय निवड, नव्या लसी, गोठ्यातले सेन्सर अशा विषयांवर जाणकार मंडळी बोलणार आहेत. मला मात्र काचपट्टी, जिम्साची बाटली आणि दुधाच्या नमुन्यात पडणारा शेणाचा कण यांबद्दल बोलायचं आहे. अध्यक्षानं काहीतरी भव्य बोलावं असा रिवाज आहे, तो आज मोडतो.

मध्यंतरी एका तरुण सहकाऱ्यानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक रिपोर्ट पाठवला. नुकती व्यायलेली गाय. कॅल्शियम तीनच्या खाली, पोटॅशियम चौदाच्या वर, दोन्हींपुढे लाल बाण. खाली प्रश्न, "सर, कॅल्शियम शिरेतून सोडू का?" मी विचारलं, गाय काय करतेय? म्हणाला, उभी आहे, रवंथ करतेय. आता इतकं पोटॅशियम खरोखर रक्तात असतं तर ती गाय उभी राहिली नसती, तिचं हृदयच थांबलं असतं. मग माझा पुढचा प्रश्न होता, नमुना कुणी घेतला? नमुना लॅबच्या मुलानं घेतला होता. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त जास्त झालं, म्हणून त्यातलं थोडं त्यानं साध्या नळीत ओतलं. जांभळ्या टोपणात पोटॅशियमचं ईडीटीए असतं. ते कॅल्शियम बांधून टाकतं आणि स्वतःचं पोटॅशियम नमुन्यात सोडतं. यंत्रानं जे होतं ते अगदी चोख मोजलं, फक्त ते गाईचं नव्हतं. त्या आकड्यांवर विसंबून धडधाकट गाईच्या शिरेत भराभर कॅल्शियम सोडलं असतं, तर तिच्या हृदयाचं काय झालं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

तो तरुण सहकारी हुशार आहे. ईडीटीए काय करतं हे त्याला परीक्षेत विचारलं असतं तर त्यानं पूर्ण गुण मिळवले असते. पण रक्त काढणं, नळीत भरणं, फिरवणं, सीरम सुटायची वाट बघणं यातलं काहीच त्याच्या हातून रोज होत नाही, त्यामुळे छापील आकड्यावर शंका घ्यायची त्याला सवयच नाही. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे. नमुना दूषित होणं हा जुना रोग आहे, तो आपल्या आधीही होता आणि पुढेही राहील. पण दूषित नमुना ओळखणारा माणूस दवाखान्यातून नाहीसा होतोय, आणि ती जागा कुठलंही यंत्र भरून काढणार नाही.

या रोगाचा एक जुना दाखला परळशी जोडलेला आहे. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय 1886 साली परळला सुरू झालं. त्याच परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात 1899 पासून वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा चालत होती. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात तिथून गेलेली लस 107 जणांना टोचली गेली. त्यातले 19 जण धनुर्वातानं दगावले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले, बाटली क्रमांक 53 एन. ठपका अर्थातच परळवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावं लागलं. पुढे चौकशीतल्या साक्षींवरून लक्षात आलं की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच त्यानं बूच ओढलं होतं. रोनाल्ड रॉस यांच्यासारखी माणसं जाहीरपणे पाठीशी उभी राहिली तेव्हा कुठे 1907 मध्ये हाफकिन निर्दोष सुटले.

प्रकरण मानवी वैद्यकातलं आहे, पण ते आपण जास्त मनावर घ्यावं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि आपलं तर सगळं कामच तिथं चालतं. चिमटा आपल्या हातून रोज पडतो.

कासदाहाचंच घ्या. दुधाचं कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी आता तालुक्याच्या ठिकाणीही करून मिळते, ही चांगली गोष्ट आहे. पण नमुना कसा जातो? इंजेक्शनची रिकामी बाटली नळाखाली विसळायची, धार काढून झाल्यावर त्यात चार थेंब पिळायचे आणि मोटारसायकलच्या डिकीत टाकायची. एप्रिलचं ऊन, वाटेत अजून तीन व्हिजिटा. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे सडाच्या टोकावरून पडलेल्या एका जंतूचे पाच तासांत बत्तीस हजारांवर जंतू. मग प्लेटवर तीन-चार तऱ्हेच्या वसाहती उगवतात. एका नमुन्यात तीन किंवा अधिक जातींचे जंतू आले तर तो दूषित मानून टाकून द्यायचा, हा कासदाहाच्या कामातला सर्वमान्य नियम. पण टाकून दिला तर बिल कसलं लावणार? म्हणून त्यातला जो सर्वांत जोमानं वाढला त्याची सेन्सिटिव्हिटी लागते. तो बहुतेकदा गोठ्यातल्या धुळीतला असतो. त्या धुळीवर चालणारं महागडं अँटिबायोटिक गाईला जातं, खरा स्टॅफिलोकॉकस कासेत सुखानं राहतो, आणि दूध संकलन केंद्रावर जातं. 2019 मध्ये केंद्र सरकारनं अन्न देणाऱ्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. प्रतिजैविकांचा जो गैरवापर असा खोट्या रिपोर्टाच्या आधारानं, शास्त्रशुद्ध वाटून होतो, त्यावर कुठली बंदी घालणार?

नमुना नीट घेणं अवघड नाही. पहिल्या काही धारा सोडून द्यायच्या. सड कोरडे करायचे, मग सत्तर टक्के अल्कोहोलच्या बोळ्यानं टोक घासायचं, प्रत्येक सडाला नवा बोळा, आणि बोळा स्वच्छ निघेपर्यंत. पुसताना लांबचे सड आधी, जवळचे नंतर. नमुना घेताना उलटं, जवळच्या सडाचा आधी, म्हणजे पुसलेल्या सडावरून आपली बाही फिरत नाही. नळी आडवी धरायची, टोपण करंगळीत, तोंड खाली करून. सगळं मिळून पाच मिनिटं. ही पाच मिनिटं शिकवताना मी पाहिलंय, मुलं नळी सरळ उभी धरतात आणि कासेवरची धूळ अलगद आत पडते. हे सांगून कळत नाही, हातानं करावं लागतं.

आता रक्ताच्या स्मिअरबद्दल, माझ्या खास जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणून जरा वेळ घेतो. उन्हाळ्यात संकरित गाय येते, ताप 106, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, डोळ्याची पापणी पांढरट. गोचीडताप आहे हे शेतकऱ्यालाही कळतं. पण थायलेरिया, बबेसिया की अ‍ॅनाप्लाझ्मा, हे स्मिअरशिवाय कळत नाही, आणि तिघांची औषधं वेगळी आहेत. गाठीत सुई घालून घेतलेल्या स्मिअरवर कॉकचे निळे पुंजके दिसले की विषय संपला. हल्ली पीसीआर करून पॉझिटिव्ह आलं म्हणून ब्युपारव्हाकोन देणारे सहकारी भेटतात. पण बरी झालेली गाय पुढे बराच काळ वाहक राहते, तिचा पीसीआर पॉझिटिव्ह येतोच. आजचा ताप त्याच परजीवीचा आहे का, किती पेशी भरल्यात, रक्त किती उतरलंय, हे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं.

आणि इथंही दूषित होणं आलंच. पातळ केलेला जिम्सा त्याच दिवशी वापरून ओतून द्यायचा असतो. तो आठवडाभर ठेवला की त्यात गाळ धरतो, जंतू वाढतात. मग स्लाइडवर तांबड्या पेशींच्या कडेला काळसर ठिपके दिसतात आणि हौशी नजर म्हणते, अ‍ॅनाप्लाझ्मा! जाणकार भिंग किंचित वर-खाली करतो. ठिपका पेशीबरोबर फोकसमध्ये येत नाही, आणि तसेच ठिपके पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेतही पसरलेले असतात. तो रंगाचा कचरा. पावसाळ्यात आणखी एक भर पडते. मिथेनॉलची बाटली उघडी राहिली की हवेतलं पाणी शोषते, स्मिअर सावकाश वाळतो आणि पेशींत चमकदार छिद्रं दिसतात. कोकणातल्या सहकाऱ्यांना हे मी सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या श्वानदवाखान्यांत झटपट रंगाच्या तीन बरण्या असतात, त्यांतच कानातला मळ, त्वचेचा स्मिअर आणि रक्त सगळं बुडतं. कानातले यीस्ट दुसऱ्याच कुत्र्याच्या रक्तात निघाले तर नवल नाही. रक्तासाठी बरण्या वेगळ्या ठेवायला खर्च तो किती? आणि कोरा स्मिअर फॉर्मॅलिनच्या बाटलीसोबत एकाच खोक्यात कधीही पाठवू नका. त्या वाफांनी तो रंग नीट धरत नाही, मग समोरचा पॅथॉलॉजिस्ट आपल्याला मनातल्या मनात काय म्हणतो ते तो शिष्टाचारापोटी लिहीत नाही.

यंत्रांवर माझा राग नाही. माझ्याकडेही काउंटर आहे. पण शेळीचं रक्त शेजारच्या माणसांच्या लॅबमध्ये देणारे आपल्यात बरेच आहेत. माणसाची तांबडी पेशी साधारण 80 ते 100 फेम्टोलिटरची, शेळीची वीसच्या आसपास. माणसासाठी लावलेलं यंत्र तिला प्लेटलेट समजतं. रिपोर्ट येतो, भयंकर रक्तक्षय आणि प्लेटलेट आभाळाला. शेळी मात्र पाला खात उभी. एक स्मिअर बघितला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. आपल्या स्वतःच्या यंत्रावर रोज कंट्रोल कोण चालवतं, याबद्दल हात वर करायला सांगण्याचा मोह मी आवरतो.

शेणाच्या तपासणीची गत वेगळी नाही. जमिनीवर पडलेल्या शेणात मातीतल्या मोकळ्या जंतांच्या अळ्या शिरतात आणि फुप्फुसातले जंत म्हणून नोंदल्या जातात. नमुना गुदद्वारातूनच घ्यायचा. यकृतातल्या चपट्या कृमीची अंडी मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत, त्यांना तळाशी बसवावं लागतं. हे सगळ्यांना पाठ आहे, करतं कोण, एवढाच प्रश्न.

ही वेळ का आली? तरुणांवर खापर फोडणं सोपं आहे आणि अशा व्यासपीठांवरून ते नेहमी फोडलं जातं. मला ते पटत नाही. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर कृत्रिम रेतन, लसीकरण, बिल्ले आणि अ‍ॅपवरच्या नोंदी यांत बुडालेला आहे. स्मिअर बघितल्याची नोंद कुठल्याच उद्दिष्टात धरली जात नाही. खासगीत शेतकरी म्हणतो, डॉक्टर, तपासणी नंतर करा, आधी सुई मारा. तो सुईचे पैसे देतो, बघण्याचे देत नाही. आणि आम्ही ज्येष्ठांनी बघण्याचे पैसे कधी मागितलेच नाहीत, फुकट करत राहिलो. जे फुकट केलं ते पुढच्या पिढीला बिनमोल वाटलं, यात तिचा काय दोष? दवाखान्यातला सूक्ष्मदर्शक कपाटात कुलपात असतो, जबाबदारी नको म्हणून. दोन पावसाळे गेले की भिंगावर बुरशी चढते. मग तो "निर्लेखनास पात्र" होतो आणि त्याचं आयुष्य संपतं.

लॅब दूर आहे आणि वेळ नाही अशी एक जागा मात्र कायम राहणार आहे. जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून न गोठणारं रक्त येतंय. फाशी रोग असेल तर शव उघडायचं नाही. हवा लागली की जंतूंचे बीजाणू होतात आणि ती जमीन वर्षानुवर्षं धोक्याची राहते. कानाच्या शिरेतून एक थेंब, काळजीपूर्वक, हातमोजे घालून, आणि पॉलिक्रोम मिथिलीन ब्लू. गुलाबी वेढ्यातले निळे दंडगोल दिसले की गावाला आणि शवविच्छेदनाच्या तयारीत उभ्या असलेल्या माणसाला तिथंच थांबवता येतं. मॅकफॅडियननं ही तपासणी 1903 मध्ये सांगितली. तिला वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. पण ती करायची तर बाटलीतला रंग नीट मुरलेला हवा आणि डोळा सरावाचा हवा.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी तीन गोष्टींचा ठराव मांडणार आहे. आपल्या शुल्कपत्रकात स्मिअर आणि नमुना घेणं यांचं वेगळं शुल्क असावं. प्रत्येक जिल्हा शाखेनं महिन्यातून एक संध्याकाळ फक्त स्लाइड बघण्यासाठी ठेवावी, चहापाण्याची सोय शाखेनं करावी. आणि इंटर्नशिपमध्ये इंटर्नच्या वहीत स्वतः काढलेल्या, स्वतः रंगवलेल्या स्लाइडांची नोंद असल्याशिवाय कुणीही सही करू नये. विरोध करायचा असेल तर जरूर करा, पण आकडे आणि अनुभव घेऊन करा.

तूर्त एक सूचना. जेवणानंतर शेजारच्या दालनात सूक्ष्मदर्शक मांडलेले आहेत. प्रत्येकाखाली एक स्लाइड, नाव नाही, फक्त क्रमांक. काहींवर परजीवी आहेत, काहींवर निव्वळ रंगाचा गाळ, आणि एक रक्त पूर्ण निरोगी गाईचं आहे. उत्तरं चिठ्ठीवर लिहून पेटीत टाका. चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहायची सक्ती नाही, ज्येष्ठांना तर अजिबातच नाही.